नामदेव मिस्त्री आणि तीन सुतांची खोली

नामदेव मिस्त्री चहा फिरत प्यायचे. कळमनुरीच्या आमच्या सुतारकामाच्या दुकानात एक स्टूल होतं, पण त्यावर मी त्यांना कधी टेकलेलं पाहिलं नाही. कप हातात घेऊन ते दारापर्यंत जायचे, परत यायचे, भिंतीला उभ्या केलेल्या फळ्यांवरून बोट फिरवायचे. "बसा ना मिस्त्री," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसल्या सुताराला वाळवी लागती." मी त्यांचा भागीदार, वयानं बारा वर्षांनी लहान आणि स्वभावानं संथ. त्यांच्या येरझाऱ्यांनी मला दम लागायचा.

नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी नांदेडहून राऊटर मशीन आणलं. पटाशीनं आठवडाभर चालणारी नक्षी त्यावर एका दिवसात व्हायची. पहिला महिना त्यांनी नुसत्या फळकुटांना भोकं पाडली आणि मग एके दिवशी मला ओरडून बोलावलं. "समजलं रे संभा!" मशीन दाबलं की बिट, म्हणजे त्याचं फिरणारं पातं, लाकडात उतरतं; ते किती उतरणार, हे बाजूची एक दांडी ठरवते. आधी बिट फळीला नुसतं टेकवायचं. ते शून्य. मग दांडीखाली हव्या त्या जाडीची पट्टी धरून स्क्रू आवळायचा. पट्टी काढली की बिट तेवढंच खाली जातं, रेसभर जास्त नाही. "लाकडालाबी तळ असतो," ते म्हणायचे. "शून्य चुकलं की तळ गेला."

दोन हजारनंतर विजेनं हैराण केलं. लाइट कधी येईल, कधी जाईल, भरवसा नसायचा. लाइट नसली की मिस्त्री रस्त्यापर्यंत चकरा मारायचे आणि आली की धावत यायचे.

त्याच दिवसांत पुसेगावच्या गयाबाईंचं काम आलं. त्यांच्या मालकांनी अंगणात लावलेलं सागाचं झाड वादळात पडलं होतं. मालक आधीच गेलेले. त्या झाडाच्या फळ्यांचं देवघराचं दार हवं होतं, वेलीच्या नक्षीचं. फळी पाऊण इंचाची, म्हणजे सहा सूत. वेल तीन सूत खोल.

पहिली फळी निम्मी झाली आणि लाइट गेली. मिस्त्री बाहेर गेले. बिट बोथट झालं होतं, म्हणून मी नवं लावलं. ते आधीच्यापेक्षा लांब होतं. शून्य पुन्हा करायचं राहिलं; सांगू म्हटलं, तेवढ्यात लाइट आली. मिस्त्री पळत आले, त्यांनी मशीन उचललं आणि दाबलं. मी तोंड उघडायच्या आत बिट फळीच्या आरपार गेलं.

त्यांनी मशीन बंद करून फळी उजेडाला धरली. मी म्हणालो, "भुसा आन् सरस भरू. पॉलिश मारलं की कोणाला कळतंय?"

"आपल्याला कळतंय ना." एवढं बोलून त्यांनी फळी पोत्यात गुंडाळली.

बसच्या टपावर फळी टाकून आम्ही पुसेगावला गेलो. मिस्त्रींनी ती गयाबाईंपुढे ठेवली. "माय, माह्या हातून खराब झाली."

गयाबाईंनी भोकात करंगळी घातली आणि त्यांचा आवाज फाटला. "एवढीच तर व्हती त्यांची आठवण! आन् सांगायला काहून आले? बुजवून देल्ली असती त मला काय कळलं असतं?"

"म्हणूनच आलो," मिस्त्री म्हणाले.

मी शेजारी उभा होतो. बिट मी बदललं, हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

गयाबाई उठून गोठ्याकडे गेल्या. गोठ्याच्या दाराचा अडसर त्याच झाडाच्या फांदीचा होता. तो त्यांनी आणून मिस्त्रींच्या पायाशी टाकला. "ह्याचं ठिगळ लावा."

दुकानात परतल्यावर ठिगळासाठी फळीच्या मागून खाच पाडायची होती, दोनच सूत. जास्त उतरलं तर पुढची वेल कापली जाणार. मिस्त्रींनी मशीन माझ्या हातात दिलं. "तू कर." मी तीनदा शून्य केलं. खाच बरोबर उतरली, अडसराचं ठिगळ घट्ट बसलं. दार बसवलं त्या दिवशी गयाबाईंनी मागून हात फिरवून ठिगळ शोधून काढलं आणि दिवा लावला.

बिटाचं मात्र मी मिस्त्रींना सांगितलं नाही. एकाच दुकानात आणखी पाच वर्षं काम केलं, रोज त्यांना पाहिलं, रोज सांगायचं ठरवलं. पुढं त्यांना अर्धांगवायू झाला आणि लेक त्यांना वसमतला घेऊन गेली. भेटायला गेलो तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या त्यांचा डावा हात चादरीवर सारखा फिरत होता. मला राहवलं नाही.

"मिस्त्री, पुसेगावच्या फळीचं बिट मी बदललं व्हतं."

जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "म्हाईत हाय. त्याच रोजी काढून पाहिलं म्या. नवं व्हतं."

"मंग बोलले काहून न्हाई? शिव्या तुमी खाल्ल्या."

"मशीन कोणाच्या हातात व्हतं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता लेकीला हाक मारली, "संभाला च्या कर."

महिनाभरात ते गेले.