दोन खऱ्या, एक थाप

ताईचा हात हलका आहे, असं सगळे म्हणायचे. साफ चूक. हात इतरांसारखाच होता, सुईही तीच. सगळी करामत तोंडाची होती.

रक्त तपासायच्या लॅबमध्ये ताई रक्त काढायची. खुर्ची, हात टेकायला फळी, बाजूला काचेच्या नळ्या आणि कापसाचा डबा. समोरचा माणूस बसला की दंडाला रबर बांधायची, शीर चाचपायची आणि म्हणायची, "तीन गोष्टी सांगते. दोन खऱ्या, एक थाप. थाप कुठली ते ओळखायचं."

एकदा एक पहिलवान आला होता. दार अडेल असा गडी, पण सुई बघून त्याला घाम फुटला.

"ऐका दादा," ताई म्हणाली. "एक, जगातलं सगळ्यात छोटं युद्ध तासाभराच्या आत संपलं. दोन, शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. तीन, शहामृग घाबरला की वाळूत डोकं खुपसतो."

पहिलवान डोकं खाजवायला लागला. "युद्धाची थाप! तासाभरात तर आमच्या घरी आई आणि बायकोचं नीट सुरूसुद्धा होत नाही."

"चुकलात. शहामृग. तो तसं काही करत नाही. कापूस दाबून धरा."

"म्हणजे? झालं?"

"केव्हाच."

लोक हसत जायचे. काही जण तर तपासणी नसताना यायचे आणि दारातूनच विचारायचे, "ताई, आज काय?" मग ती सांगायची, ऑलिंपिकमध्ये पूर्वी चित्रकलेचीही मेडलं मिळायची. काळ्या-पांढऱ्या सिनेमात रक्त म्हणून चॉकलेटचं पातळ सिरप वापरलंय. ऐकलेली गोष्ट खात्री केल्याशिवाय ती पुढे सांगायची नाही. रद्दीतले पेपर, जुनी मासिकं, कुणा प्रोफेसरचं डोकं, कशातूनही काढायची, पण दोन ठिकाणी विचारून मगच. "थाप मारायची तर आपल्याला माहीत पाहिजे की ही थाप आहे," असं तिचं म्हणणं.

तिचा धाकटा भाऊ टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. ताई त्याला भुंगा म्हणायची, कारण एका जागी पाच मिनिटं टेकायचा नाही. आई-वडील लवकर गेले, ताईनंच त्याला वाढवलं. त्यानं नववीत शाळा सोडली तेव्हा अख्खी आळी त्याला शहाणपण शिकवायला आली. ताईनं सगळ्यांना वाटेला लावलं. मग दार लावून म्हणाली, "शाळा सोडलीस, सोड. डोकं वापरायचं सोडलंस तर तंगडी तोडीन." त्या दिवसापासून तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की भुंग्याचा हात आधी उठायचा, तोंड नंतर.

संध्याकाळी जेवताना दोघांचा तोच खेळ. हरेल त्यानं भांडी घासायची. भांडी कायम भुंगाच घासायचा. थाप मारताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि हे फक्त ताईला माहीत होतं.

मग ताईला ताप यायला लागला. उतरायचा, परत यायचा. दंडावर निळे डाग दिसायला लागले, कुठे आपटलं नसतानाही. एक दिवस लॅबमध्येच ती खुर्चीवरून घसरली आणि तिथल्यांनी उचलून तिला हॉस्पिटलमध्ये नेलं.

डॉक्टरांनी भुंग्याला बाहेर बोलावलं. रक्ताचाच आजार आहे म्हणाले, फार पुढे गेलाय. बरी होणार नाही. सलाइनमधून औषध दिलं तर काही महिने मिळतील, पण त्यासाठी इथंच राहावं लागेल, रोज टोचावं लागेल.

"द्या," भुंगा म्हणाला.

"त्यांना विचारायला पाहिजे."

"मी सांगतो तिला. तुम्ही काही बोलू नका."

त्याला कारण होतं. आदल्याच दिवशी ताईनं त्याला बजावलं होतं, "हे बघ, उपयोग होणार असेल तर काय वाट्टेल ते करा. नसेल तर मला घरी ने. आयुष्यभर लोकांना टोचलं, पण निदान कशासाठी ते ठाऊक होतं. उगाच माझी चाळण करायची नाही."

म्हणजे खरं सांगितलं तर ती उठून घरी येणार. आणि घरी आली की ते महिने गेले. भुंग्याला ते महिने हवे होते. ती कशीही राहू दे, पडून राहू दे, बोलली नाही तरी चालेल, पण असू दे. त्यानं लॅबमध्ये जाऊन एकेकाला दम भरला. सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. पण ताई खुळी नव्हती. भेटायला येणारी माणसं तिच्याकडे बघायची सोडून सलाइनच्या बाटलीकडे बघतात, हे तिला कळत होतं.

एका दुपारी भुंगा आला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. दंडापासून मनगटापर्यंत सुयांच्या खुणा.

"रिपोर्ट काय म्हणतो रे?"

भुंगा तयारीनं आला होता. सरळ विचारलं तर कान दगा देणार. म्हणून येतानाच टोपी कानावर ओढून आला होता. आणि दोन अशा गोष्टी शोधून आणल्या होत्या की ऐकणाऱ्याचा विश्वासच बसू नये. ताई त्यांतल्या एकीला थाप म्हणेल, की काम झालं.

"खेळून सांगतो," तो म्हणाला.

ताई हसली. "सांग."

"एक. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. दोन. चीनची भिंत चंद्रावरून दिसते. तीन. तुझा रिपोर्ट चांगला आलाय, औषधानं तू बरी होणारेस."

ताईनं त्याच्या टोपीकडे बघितलं. मग खिडकीकडे. खाली कुणीतरी मोटारसायकल रेस करत होतं.

"दुसरी," ती म्हणाली. "भिंतीची. थाप आहे ती."

इथंच गप्प बसायला हवं होतं. "ओळखलंस बाई" म्हटलं असतं की संपलं असतं सगळं. पण ती गोष्ट भुंग्यानं दुकानातल्या टीव्हीवर ऐकली होती, त्याला ती शंभर टक्के खरी वाटत होती, आणि जन्मात पहिल्यांदा ताई चुकली होती.

"हट्! चुकलीस! खरी आहे ती. भिंत दिसते चंद्रावरून. टीव्हीवर सांगितलंय!"

"नाही दिसत रे."

"दिसते! लाव पैज!"

"बरं," ताई म्हणाली. "दिसते. आणि ऑक्टोपसचं तर मीच तुला सांगितलेलं, विसरलास. मग थाप कुठली?"

भुंग्यानं टोपी आणखी खाली ओढली. ताईनं हात लांब करून ती काढली आणि पलंगावर ठेवली.

"टोपी कशाला घालतोस उन्हाळ्यात, मूर्खा," ती म्हणाली. तो रडत होता, ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. त्याच हाताला नळी लावलेली होती. नळी ताणली जाऊ नये म्हणून त्यानं मान खाली घातली ती वर काढली नाही.

"घरी नेशील ना?"

"औषधानं काही महिने मिळतील, ताई. डॉक्टर म्हणालेत."

"असे?" तिनं दंड पुढे केला.

त्यानं चादर ओढून तो दंड झाकला.

दुसऱ्या दिवशी तो तिला घरी घेऊन आला. डॉक्टरांनी परत समजावलं, शेजारणीनं समजावलं, लॅबमधले तर भांडायलाच आले की इतकं कसं ऐकतोस तिचं. भुंगा सगळ्यांशी भांडला. मनातून त्याला ते सगळे बरोबर वाटत होते, तरी भांडला. ताईला हवं होतं, विषय संपला.

पलंग त्यानं दाराजवळ ओढला, तिला रस्ता दिसावा म्हणून. खेळ बंद झाला. ताईच म्हणाली, आता साधं सांग, दुकानात काय झालं ते. मग तो सांगायचा, रिक्षाच्या टायरमधून आज बांगडीचा तुकडा निघाला. मालक गिऱ्हाइकाशी भांडता भांडता हवेचा पाइप हातातच धरून बसला. ती डोळे मिटून ऐकायची. कधी मध्येच झोपायची, तरी तो सांगत राहायचा.

एका सकाळी ती म्हणाली, "जा कामावर. किती दिवस डोक्यावर बसणार?"

"नाही जात."

"जा म्हटलं ना. काकू आहेत शेजारी."

तो गेला. एका मास्तरांच्या स्कूटरचं मागचं चाक काढलं, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघत होता, तेव्हा रस्त्याच्या पलीकडून काकू येताना दिसल्या. चप्पल घातली नव्हती त्यांनी. जवळ येऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

भुंग्यानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग ट्यूब पुसली, घासली, ठिगळ चिकटवलं आणि दाबून धरलं. चाक बसवलं. नट एकेक करून आवळले.

"राहू दे रे," मास्तर म्हणाले. "मी दुसऱ्याकडून करून घेतो. तू जा."

"होतच आलंय."

"चल ना रे पोरा," काकू म्हणाल्या.

"आलो," तो म्हणाला, आणि सगळे नट पहिल्यापासून परत आवळायला लागला.