उघाडीजवळचा नारळ

माझं घर नवीन पनवेलला आणि नोकरी द्रोणागिरीच्या एका गोदामात, मालाच्या कागदपत्रांची. समुद्रात जहाजातून तेल गळलं त्या आठवड्यात आमच्याकडे दोन देशांतून सामान आलं. एकाने तेल अडवायचे तरंगते बूम पाठवले, दुसऱ्याने ते शोषून घेणारी यंत्रं. एरवी आठवडा खाणारं काम एका दुपारी उरकलं. सोबत दोन्ही देशांची पथकं आणि बोटीही आल्या. मला इंग्रजी येतं आणि माहेर उरणजवळचं, म्हणून साहेबांनी मला दुभाषी म्हणून करंजाच्या खाडीवर धाडलं.

तिथे ओळखीची मावशी भेटली. खाडीतल्या खडकांना चिकटलेली कालवं शिंपल्यातून फोडून ती पनवेलच्या बाजारात विकते. मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घेते. तेल अजून दूर होतं, पण वाऱ्याला डांबरासारखा वास येऊ लागला होता. बूमवाल्या पथकाच्या प्रमुखाने नकाशा पसरला. बूम खाडीच्या तोंडाशी बांधायचा होता.

"पाणी आणखी कुठून आत येतं का, विचारा," तो म्हणाला.

मी विचारलं. मावशी म्हणाली, "पुनवेला आमी दर्याला नारल देतो, तो कुठं लागतो म्हाईत हाय? मिठागराच्या बांधातल्या मोडक्या उघाडीच्या दाराशी. दरसाल. माजा सासरा म्हनायचा..."

"मावशी, नारळाचं राहू दे. कालवांचं बोल."

"त्यांचंच बोलते गो! तुला पनवेलचं वारं लागलंय."

बाजूच्या बाया हसल्या. मला घाई होती. मी प्रमुखाला सांगितलं, "तिला कालवांची काळजी आहे. बाकी पूजेचं बोलतेय." त्याने तेवढंच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. "ये. बघ."

तोंडाशी बूम नीट ताणलेला होता. तेल मात्र मागून आलं होतं. मिठागरात समुद्राचं पाणी घ्यायला बांधात ठेवलेल्या उघाडीच्या फुटक्या दारातून भरतीबरोबर आत शिरून ते खालच्या खडकांवर जाड, काळं बसलं होतं. एकही बगळा नव्हता.

"नारलाचं सांगितलंस त्यांना?"

"नाही."

मग मावशीने सासऱ्याचं बोलणं पुरं केलं: नारळ लागतो तिथूनच दर्याचं पाणी आत येतं. मी प्रमुखाला सगळं सांगितलं, सासऱ्यासकट. बूम ओढायला त्याने दुसऱ्या देशाची बोटही बोलावली आणि दुपारपर्यंत उघाडीसमोर दुसरा बूम लागला. वरचे खडक वाचले. मावशीचे खडक खालचे होते.

पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर मी उघाडीवर गेले. नारळ दाराशी लागलेला होता. मावशीने तो उचलला, शेंडी नाकाशी धरली आणि परत पाण्यात टाकला.

"वास अजून गेला नाय," ती म्हणाली.