भावकूअण्णांनी माघारी घेतलेली सही

आमचे भावकूअण्णा सीमाभागातल्या कंग्राळीचे. विद्यापीठात अटेंडर हुते. तितला मोठा हॉल त्यांच्या ताब्यात. खुर्च्या, सतरंज्या, समई, माईक, सगळं. कार्यक्रमाच्या आदी तासभर जाऊन माईकात "हॅलो, हॅलो" म्हनायचे आन एकटेच हसायचे. तीस वर्सं लोकांची भाषणं ऐकली, पर सोता हॅलोच्या फुडं एक शब्द बोलले न्हाईत.

बोलायचा नाद तरनेपणीच सुटलता. सीमाभागासाठी लाठ्या खाल्ल्या, हिंडलग्याच्या जेलात आठ दिवस काढले. बाहेर येऊन बघत्यात तर ज्यांच्या शब्दावर आत गेलते ते पुढारी दोन गट करून एकमेकाच्या विरोधात उभे. त्या दिवसापास्नं अण्णांनी कुणाचा झेंडा हातात धरला न्हाई. मतदानाला मातर सकाळी सकाळी पयला नंबर. त्यांची बायको मालुबाई इचारायची, "मत कुणाला दिलासा?" "दिलं एकाला. फुडच्या येळी दुसऱ्याला."

एक गोष्ट ते सगळ्यांपास्नं लपवायचे. कन्नड बोलायचे पान्यासारकं, बाजारात भांडायचेबी कन्नडातच, पर वाचाय येत न्हवतं. शाळा मराठी, तीबी सातवीत सुटली. नोकरीत कायम हुताना 'कन्नड वाचता येतंय' असं फॉर्मवर लिहून दिलतं. मग कागद आला की चष्मा खिशातच ठिवायचे आन म्हनायचे, "चष्मा घरात ऱ्हायला बघा, तुमीच वाचा की."

रिटायर व्हायला आठ म्हैने हुते. हॉलात भाषणाची स्पर्धा लागली. अनगोळची शाल्मली म्हनून एम.ए.ची पोरगी उठली. म्हनाली, "दोन्हीकडचे पुढारी आम्हाला भाषेवरून भांडायला लावतात. त्यांची मुलं मात्र लांब इंग्रजी शाळेत शिकतात. मी मराठी आहे, पण मला आता कुणाच्याच मागून ओरडायचं नाही."

झालं. मराठी पोरं गद्दार म्हनून वरडाय लागली, कन्नड पोरं खाली उतर म्हनून. जन्मात एका सुरात न बोललेली ती दोन टोळकी त्या दिवशी मिळून वरडाली. साईराज म्हनून एक मराठी पोरगा स्टेजवर चढला, तिच्या हातातला माईक वडला, तो खाली पडून फुटला. अण्णा दोन हातावर वायर गुंडाळत उभे हुते. सगळं बघितलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले राघवेंद्रसाहेब कन्नडातला कागद घेऊन आले. "माईकचं आहे, सही कर भावकू." अण्णांना वाटलं, सामान फुटल्याचा रिपोर्ट आसंल. चष्मा घरात ऱ्हायला म्हनले आन मोठ्या मराठी अक्षरात सही केली.

आठ दिवसांनी शाल्मली हॉलच्या दारात आली. हातात त्या कागदाची झेरॉक्स.

"मामा, मी दंगा केला, माईक मी आपटून फोडला, असं तुम्ही लिहून दिलंय?"

"मी? मी कशाला तसं लिवीन गं?"

"सही तुमचीच आहे ना? विद्यापीठातून माझं नाव काढून टाकणार आहेत. परवा चौकशी आहे."

तिनं एकेक ओळ मराठीत सांगितली. अण्णांनी खिशातनं चष्मा काढला, डोळ्याला लावला, कागद बघितला, परत काढून ठिवला. पोरीला म्हनले, "जा तू. मी येतो परवा."

घरात मालुबाईला सांगितलं. ती भाकरी थापालती.

"फॉर्मवर खोटं लिहिलासा म्हनतील. पेन्शनवर आलं तर?"

"ईल की."

"मग?"

"मग काय? पोरीचं शिक्शन माज्या सहीनं मोडाय देऊ?"

मालुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "इस्त्रीचा शर्ट घालून जावा मग," म्हनाली.

चौकशीला पाच जण बसलते, राघवेंद्रसाहेब कडंला. अण्णा उभ्यानंच बोलले. "सही माजी हाय, मजकूर माजा न्हाय. मला कन्नड वाचाय येत न्हाय. कवाच येत न्हवतं. माईक पोरानं वडताना पडला. ही पोरगी नुस्ती बोलालती."

एका प्राध्यापकानं इचारलं, "मग तीस वर्सं नोकरी कशी केलीस?"

"चष्मा विसरून, साहेब."

दोघं-तिघं हसले. राघवेंद्रसाहेब खाली बघत हुते. त्यांनाबी वरनं सांगितलं तसं लिहावं लागलतं.

शाल्मलीचं नाव ऱ्हायलं. अण्णांना मेमो मिळाला, हॉल काढून घेतला, गेटवर बसवलं. पेन्शनची फाईल अडकली.

त्याच आठवड्यात साईराज चार पोरं, शाल आन नारळ घेऊन घरात आला. "मामा, कन्नडसक्तीवाल्यांना चांगला दणका दिलासा. सत्कार कराय आलाव."

अण्णांनी सगळ्यांना पानी दिलं. मग इचारलं, "माईक कुणी वडला रं?"

साईराजनं शालीची घडी ह्या हातातनं त्या हातात घेतली.

"शाल ने माघारी. आदी तिला बोलाय द्या, मग माजा सत्कार करा."

नारळबी ठिवून घेतला न्हाई. पोरं गेल्यावर मालुबाई म्हनाली, "नारळ तरी घ्यायचा, आमटीला झाला असता." तवा मातर लई हसले अण्णा.

रिटायर झाले तरी फाईल हललीच न्हाई. अण्णांनी कुणाच्या दारात जाऊन हात जोडले न्हाईत. गेल्या म्हैन्यात सकाळी अंगणात बसल्या बसल्या छातीत कळ आली, दवाखान्याच्या वाटंवरच गेले. बाराव्याला शाल्मली आलती, मालुबाईच्या शेजारी बसून ऱ्हायली. आन दुपारी राघवेंद्रसाहेब आले, हातात फाईल. पेन्शन मंजूर झालती. आता मालुबाईच्या नावानं करायची हुती. सगळा कागद कन्नडात.

"वैनी, इथे सही करा."

मालुबाईनं पेन हातात घेतलं न्हाई. "आदी वाचून दाकवा. सगळं."

साहेब सतरंजीवर मांडी घालून बसले. खिशातनं चष्मा काढून डोळ्याला लावला. एकेक ओळ वाचायची, मोडक्या मराठीत सांगायची. दुसऱ्या पानावर एका शब्दाला अडले, मराठीत काय म्हनायचं सुचंना.

"कन्नडातच बोला," मालुबाई म्हनाली. "ऐकाय समजतंय मला."

पाच पानं झाली. मग तिनं पेन मागितलं.