अण्णांच्या कोंबड्यांना छप्पर

मी इंजिनियर नाही. हे मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, आणि दोन दिवसांत पाच कोंबड्यांनाही कळलं.

कोंबड्या अण्णांनी दिलेल्या. अण्णा म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त होऊन केम गावी राहतात. "जावईबापू, गावरान हायत. जपा," म्हणाले आणि टोपली माझ्या मांडीवर ठेवून गेले. जाताना एवढंच, "रविवारी येतो बघायला."

मी घरामागं बांबू रोवले, चारी बाजूंनी जाळी मारली आणि वर पत्रा टाकला.

"अहो, एप्रिल आहे. पत्रा तापतो," सुनंदा म्हणाली.

"पत्रा म्हणजे कायमचं काम." (हे वाक्य मी मिशीवर हात फिरवत म्हणालो होतो.)

दुपारी एक वाजता पाचही कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकत होत्या. सुनंदा त्यांच्यावर पाणी शिंपडत म्हणाली, "एक जरी गेली ना, तर अण्णांना तोंड तुम्ही दाखवायचं."

पत्रा उतरवला. कडबा आणला, पेंढ्या बांधून वर रचला. खाली गार सावली पडली, कोंबड्या चोची मिटून हिंडायला लागल्या. मला इतका अभिमान वाटला, की शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. काकूंच्या मागं त्यांची शेळीही आली. तिनंही छप्पर नीट बघून घेतलं.

शनिवारी सकाळी शेळी कंपाउंडवर उभी होती आणि छपराच्या जागी आभाळ होतं.

"तिला वाटलं, तुमी तिच्यासाठीच वर ठिवलंय की," काकू म्हणाल्या.

ऊन चढायला लागलं होतं. सुनंदा शाळेत शिकवायला गेली होती. आणि मला माळ्यावरचा फ्लेक्स आठवला. अण्णांच्या पंचाहत्तरीचा, आठ बाय सहा, गुलाबी फेट्यात हात जोडलेले अण्णा. केमच्या चौकातून उतरवल्यावर तो आमच्याकडं आला होता, कारण वडिलांचा फोटो टाकवणार कुणाला? मी तो खुराड्याच्या बांबूंवर ताणला, पांढरी बाजू वर, पांढरं कमी तापतं म्हणून. (इतकं विज्ञान मला येतं.) म्हणजे अण्णा खाली आले, कोंबड्यांकडं तोंड करून.

सुनंदा घरी आली, वाकली, वर बघितलं.

"माझ्या वडिलांना खुराड्यात घातलंत?"

"घातलं कुठं? वर लावलंय."

तिचे डोळे भरले. तेव्हा मात्र मला खरंच वाईट वाटलं. "उद्या सकाळी उठल्या उठल्या काढतो, उसाचं पाचट घालतो," मी म्हणालो.

सकाळी उठलो तर अण्णा अंगणात. आधीची गाडी मिळाली म्हणे. चहासुद्धा नको म्हणाले. "आधी कोंबड्या."

मी म्हणालो, "अण्णा, जरा थांबा." अण्णा रेल्वेतले, उशीर त्यांना चालत नाही. ते जाळीचं दार उघडून आत वाकले. खाली पाच कोंबड्या मोजल्या. मग मान वर गेली, आणि तिथंच राहिली.

सुनंदानं पदराचं टोक दातात धरलं. मी चपला शोधायला लागलो.

"सुनंदा," अण्णा आतूनच म्हणाले, "केमला हा दोन दिस बी राहिला न्हाय. कुणी मान वर करून बघितलं न्हाय. हितं पाचजणी सारख्या बघत्यात."

"अण्णा, मी आत्ता काढतो."

"काढू नका. फकस्त त्यो बांबू माझ्या नाकावरनं घेतलाय, तेवढा सरकवा."

बांबू मी सरकवला. अण्णा दोन अंडी खाऊन, पाठीवर थाप मारून गेले. सुनंदाही हसली.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. परवा सुनंदा फ्लेक्सवाल्याशी फोनवर बोलत होती. माझा सत्कार, माझा फोटो. मी दाराआड कौतुकानं ऐकत उभा राहिलो.

"आठ बाय सहाच करा," ती म्हणाली. "आणि ह्यांचा चेहरा जरा डावीकडं घ्या. मधे बांबू येतो."