माफीची पेटी

वेंडेल टॉर्गरसन हा नियमाचा माणूस. आयडाहोत शेरिफच्या हाताखाली एकतीस वर्षं नोकरी केली, त्यात सख्ख्या मेव्हण्यालाही वेगाची पावती फाडली आणि रविवारी त्याच्याच घरी जेवायला गेला. अशा माणसाने म्हातारपणी इलिनॉयमधल्या विमानतळावर गांजाची पेटी उघडायची नोकरी धरावी, याचं गावाला हसू आलं. का धरली, हे ज्यांना ठाऊक होतं ते हसले नाहीत.

पेटी निळी, पत्र्याची, सुरक्षा तपासणीच्या अलीकडे भिंतीला बोल्टांनी घट्ट बसवलेली. इलिनॉयमध्ये रुग्णाचं सरकारी कार्ड असेल तर गांजाचं तेल हे औषध, विमान उडालं की केंद्राचा कायदा, आणि आयडाहोत उतरलं की तोच गुन्हा. म्हणून लोक जाताना बाटल्या, गोळ्या फटीतून आत टाकतात. कोणी काही विचारत नाही. पेटीकडे कॅमेराही लावलेला नाही, नाहीतर घाबरून कोणी टाकायचंच नाही. एकदा आत गेलेलं मात्र परत मिळत नाही, ते थेट भट्टीत जातं.

दर मंगळवारी सकाळी दहाला पेटी उघडायची. कुलुपं दोन. एक किल्ली वेंडेलकडे, दुसरी ओडेसा प्रुइटकडे. ही बाई बावीस वर्षं विमानतळावर काढलेली, आणि जिभेला हाड नाही. त्याने एकेक वस्तू उचलून लेबलावरचं नाव मोठ्याने वाचायचं, तिने वहीत लिहायचं.

पहिल्याच मंगळवारी तळाशी ती बाटली मिळाली. तपकिरी, बोटाएवढी, वर रबरी थेंबनळी. लेबलावर नाव होतं, ब्रिटा टॉर्गरसन.

ब्रिटा त्याची मुलगी. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"वाच की," ओडेसा म्हणाली. "चष्मा घरी विसरलास का, म्हाताऱ्या?"

त्याने बाटली तिच्यापुढे धरली. तिने उलटसुलट करून पाहिली. "कोरं लेबल आहे. बेनावी लिहिते. पुढचं घे."

त्याने पुढचं घेतलं. पण बाटली हाताला ऊबदार लागली होती, नुकतीच कोणाच्या तरी मुठीतून सुटलेली असावी तशी. आणि ती तर तळाशी होती, म्हणजे आठ दिवसांपूर्वी सगळ्यांत आधी पडलेली.

शुक्रवारी सगळा माल भट्टीत गेला. वेंडेल स्वतः उभा राहून पाहून आला. पुढच्या मंगळवारी बाटली पुन्हा तळाशी. तीच, तेवढीच भरलेली, तेवढीच ऊबदार. त्याच्या पुढच्याही मंगळवारी. चार वर्षांत एकही वार चुकला नाही. ओडेसा आपली बेनावी लिहायची आणि वेंडेल तोंडातून ब्र काढायचा नाही. सुरुवातीला त्याचं अन्न तुटलं. मग नवल असं झालं, की तो मंगळवारची वाट पाहू लागला. त्या दिवशी तो दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा. कुणाला भेटायला निघावं तसा.

ब्रिटाला लहानपणापासून फिट्स यायच्या. इलिनॉयला नोकरीला लागल्यावर तिथल्या डॉक्टरने तिला हे थेंब दिले, आणि अकरा महिने एकही फिट आली नाही. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिने घरी यायचं ठरवलं. वेंडेलने बजावलं, "ते माझ्या घरात आणायचं नाही. विमानतळावर पेटी असते, तिच्यात टाक. चार दिवसांनी काय होतंय?" मंगळवारी निघताना तिने फोन केला. "हो बाबा, पेटीसमोरच उभी आहे." मागोमाग फोनमधून टक् असा आवाज आला, पत्र्यावर काच पडल्याचा. गुरुवारी सकाळी टर्की ओव्हनमध्ये होती आणि न्हाणीघराचं दार आतून बंद होतं. दार तोडेपर्यंत उशीर झाला.

बायको त्याच्याशी पुढे फार बोलली नाही. जे बोलली ते एवढंच, "तुला रजा काढून तिकडे जाता आलं असतं." एकतीस वर्षांत त्याने रजा घेतली नव्हती. हे आपल्याला सुचलंसुद्धा नाही, याची त्याला लाज वाटत राहिली.

गेल्या नोव्हेंबरात, सणाच्या आठवड्यातला मंगळवार. वेंडेल किल्ली घेऊन आला तेव्हा ओडेसा यायची होती. पेटीसमोर विशीतली एक मुलगी उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात तपकिरी बाटली.

"हो बाबा," ती म्हणत होती, "पेटीसमोरच उभी आहे."

वेंडेल तिच्याजवळ गेला. आणि पेटीच्या आतून, कोणी काही टाकलेलं नसताना, टक् असा आवाज आला. मुलगीही दचकली. पुन्हा टक्. पुन्हा. आतून कोणी बाटलीने पत्रा ठोठावावा तसा.

"कशासाठी घेतेस हे, पोरी?"

"फिट्स येतात. वायोमिंगला चाललेय. वडील म्हणतात, चार दिवसांनी काय होतंय." तिने बाटली फटीवर धरली.

"फोन दे जरा."

त्याच्या अंगावर गणवेश होता. तिने मुकाट्याने दिला.

"पकडलं का तिला?" पलीकडून वडिलांचा घाबरा आवाज आला.

"नाही. तुम्ही इकडे या."

"मी? अहो, इथे दोनशे गुरं आहेत. चारा कोण टाकणार?"

"शेजारी टाकेल."

"आणि ती येतेच आहे की. कायदा आहे, म्हणून म्हटलं तिथेच टाकून ये."

"कायदा बरोबरच आहे. मी एकतीस वर्षं त्याचाच पगार खाल्ला. तो मोडू नका, तिलाही मोडायला लावू नका. फक्त तुम्ही या." वेंडेलने मोकळा हात पेटीवर टेकवला. "माझ्या मुलीने याच पेटीत टाकलं होतं. मीच टाकायला लावलं. ती परत गेली नाही."

पेटीच्या आत ठोठावणं चालूच होतं.

"उद्या सकाळचं विमान मिळेल का?" वडिलांनी विचारलं.

पेटीतला आवाज थांबला. मुलीने बाटली खिशात घातली, फोन घेतला आणि बाहेर बसच्या रांगेकडे गेली. तिने दोनदा मागे वळून पाहिलं, त्याच्याकडे नव्हे, पेटीकडे.

दहा वाजता ओडेसा आली. दोघांनी कुलुपं उघडली. नावं वाचून झाली, पिशवी भरली, तळ लागला. तळाशी काहीच नव्हतं. वेंडेलने हात खांद्यापर्यंत आत घालून कोपरे चाचपले.

"काय हरवलं?" ओडेसाने विचारलं.

"गेली."

"कोण?"

"माझी मुलगी." आणि तो तिथेच, भर गर्दीत, पेटीला टेकून रडू लागला. चार मंगळवार नव्हे, चार वर्षं ती त्याच्या हाताला लागत होती. आता ती कधीच लागणार नव्हती, आणि हे त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं.

ओडेसाने थट्टा केली नाही. त्याचं रडणं ओसरेपर्यंत थांबली, मग वहीत नवी ओळ घेतली. "नाव सांग."

"ब्रिटा टॉर्गरसन," त्याने मोठ्याने सांगितलं.

तिने लिहिलं. पुढच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं. "वस्तू काय लिहू?"

"लिही, परत घेऊन गेली."

"पेटीतलं कोणालाच परत मिळत नाही, वेंडेल. नियम आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "लिही."