न ठरलेल्या लग्नाची उपकारस्तुती

एकोणीस वर्षांची असताना मी एकदा, माझं लग्न ठरलं म्हणून देवाचे लेखी आभार मानले होते. लग्न ठरलेलं नव्हतं. ज्याच्याशी ठरलं असं मी लिहिलं, तो माझ्याशी आयुष्यात एकच वाक्य बोलला होता: "जरा सरका, हार्मोनियम न्यायचीय."

हा शहाणपणा मला नाताळच्या गोष्टींनी शिकवला. साठीच्या दशकाचा शेवट असेल. मी पिंपरीत औषधांच्या एका कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत ख्रिस्ती मासिकांचे जुने नाताळ अंक वाचायचे. प्रत्येक अंकात एक प्रेमकथा हमखास. नायिका अनाथ, पांढऱ्या साडीतली. नायक सैन्यात. तो बरोबर चोवीस डिसेंबरलाच रजेवर यायचा, कधी तेवीसला नाही. त्यातल्या एका नायिकेने लग्न ठरायच्या आधीच विश्वासाने देवाचे आभार मानले, आणि नायक देवळाच्या दारात हजर. मला वाटलं, इतकं सोपं आहे तर मी का थांबलेय?

आमच्या देवळात, म्हणजे पत्र्याच्या छपराच्या एका लांबट खोलीत, नाताळला उपकारस्तुतीची पाकिटं देण्याची चाल होती. वर्षभरात देवाने काही भलं केलं असेल तर पाकिटात दान घालायचं, कशाबद्दल ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव. पाकीट दानपेटीत टाकायचं. नाताळच्या सकाळी पाळकसाहेब सगळ्या चिठ्ठ्या नावानिशी मोठ्याने वाचत. मी त्या हार्मोनियमवाल्याचं पूर्ण नाव लिहिलं, माझं पूर्ण नाव लिहिलं, मधे 'यांच्याशी विवाह ठरल्याबद्दल' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि नाताळच्या आधीच्या रविवारी पाकीट टाकून दिलं. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

आई करंज्यांचं पीठ मळत होती. बोलता बोलता म्हणाली, "यंदा खजिनदार गावाला गेलेत. पेटी सिस्टरबाई उघडणार."

सिस्टरबाई म्हणजे त्याची आई. कासारवाडी स्टेशनजवळ राहायची, विधवा, नर्स होती. तिच्यासमोर मोठी माणसंसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावून घेत.

तोवर मला गोष्टीचा शेवट तेवढा दिसत होता. आता मधला भाग दिसला. पाळकसाहेब वाचणार. शंभर माणसं माना वळवणार. तो म्हणणार, मला यातलं काहीच माहीत नाही. आणि वडील उठणार. आमच्या चाळीतली एक मुलगी बसथांब्यावर एका मुलाशी बोलताना दिसली, तर महिन्याभरात तिचं काम सुटलं आणि ती नेवाशाकडे एका बिजवराच्या घरी नांदायला गेली. ती नुसती बोलली होती. मी तर लिहून दिलं होतं, सहीसकट.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कंपनीत मी लेबलं उलटी लावली. आमची सुपरवायझर म्हणाली, "का गं, पेशंटनं खाली डोकं वर पाय करून औषध प्यायचं का?" घरी करंज्या भरायला बसले आणि ताटभर करंज्या सारण न घालताच मिटल्या. आई म्हणाली, "डोकं पण असंच मिटलंय काय?" वडिलांच्या सायकलची घंटी वाजली की मी मोरीत जाऊन भांडी घासत बसायचे. वाटायचं, कळलं.

चोवीस तारखेला दुपारी मी पताका लावायला म्हणून देवळात गेले. आत कुणी नव्हतं. लोकर विणायची सुई नेली होती. दानपेटीच्या फटीत ती घालून मी पाकीट वर ओढू लागले. एक पाकीट वर यायचं आणि फटीशी आलं की निसटायचं. देवळात चोरी करतेय, तीही देवाच्या पेटीतून, हे मला कळत होतं, आणि सुई आणखी खोल जात होती.

"काय शोधताय?"

तोच होता. हार्मोनियमचा भाता दुरुस्त करून आणला होता.

"सुई पडली," मी म्हणाले.

"हातातच आहे की."

"दुसरी."

त्याने मान हलवली, हार्मोनियम खाली ठेवली आणि सूर तपासत बसला. मी पताका लावायला घेतली. इतक्यात दारातून सिस्टरबाई आल्या. पांढरी साडी, हातात किल्ली. त्यांनी पेटी उघडली, पाकिटं मोजलीसुद्धा नाहीत, सगळी कापडी पिशवीत ओतली आणि पिशवीचं तोंड आवळलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पताका वाकडी लागलीय." आणि गेल्या. माझं पाकीट त्यांच्या काखेत चाललं होतं आणि मी पताका सरळ करत होते.

दिवेलागणीला गाणारी मंडळी आमच्या दारी आली. तो हार्मोनियम गळ्यात अडकवून वाजवत होता. मी आईच्या मागे उभी राहून त्याचा चेहरा वाचत होते. त्याच्या घरी काही बोलणं झालंय का? सिस्टरबाईंनी चिठ्ठी दाखवली का? त्याने चिवडा खाल्ला, बोटं चाटली, पाणी मागितलं. मी पाणी दिलं तर पेला सांडला. माझ्या गोष्टींमधल्या नायिकेचा हात फक्त थरथरायचा, तिच्याकडून पाणी कधी सांडायचं नाही.

नाताळच्या सकाळी मला खरोखरच ताप होता. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "देवळात उतरेल." बाकावर मी दोघांच्या मधे, एकीकडे आई, एकीकडे वडील. प्रवचनातला एक शब्द कानात शिरला नाही. मग पाळकसाहेबांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या.

मुलाची नोकरी कायम झाली म्हणून. आमेन. गुडघ्याचं दुखणं कमी झालं म्हणून. आमेन. बाळंतपण सुखरूप झालं म्हणून. प्रत्येक चिठ्ठी उलगडताना कागद कुरकुरायचा, आणि मी वडिलांच्या हातांकडे बघायचे. ते हात मांडीवर शांत होते. अजून किती वेळ शांत राहतील? विहीर खणली म्हणून. आमेन. माझा पाय इतका हलत होता की बाक हलायला लागला. आईने तिच्या पायाने माझा पाय दाबून धरला.

शेवटची चिठ्ठी कुणाच्या तरी परत मिळालेल्या म्हशीबद्दल होती. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. संपलं.

सुटले, असं वाटायला हवं होतं. पण माझी चिठ्ठी वाचली गेली नाही, म्हणजे ती कुणीतरी बाजूला काढली होती. आणि काढणारी तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती.

आशीर्वाद झाला, लोक अंगणात आले, नाताळच्या शुभेच्छा देत हात मिळवू लागले. वडील पाळकसाहेबांशी बोलत होते. मी भिंतीच्या कडेकडेने फाटकाकडे निघाले होते, तेवढ्यात कोपराला कुणीतरी धरलं. नर्सची पकड होती, नाडी बघताना धरतात तशी. सिस्टरबाईंनी मला पाण्याच्या पिंपाआड नेलं, घडी केलेली चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या:

"दान देवाला दिलंस, ते मी लावलं देवाच्या कामाला, ते काही परत मिळायचं नाही. ही चिठ्ठी घरी जाऊन चुलीत घाल. काल मी त्याला तुझं नाव घेऊन विचारलं, तर म्हणाला, कोण ती? उद्या संध्याकाळी आईला घेऊन फराळाला ये, निदान तोंड तरी नीट बघू दे त्याला."