तिसऱ्या वळणावरची भिंत

आमच्या दादाला कामावर पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा माणूस पगार कशाचा घेतो? बाकीचे घाम गाळत असतात आणि हा हात मागे बांधून एका दगडाभोवती फेऱ्या मारत असतो, भाजी निवडणाऱ्या खडूस गिऱ्हाइकासारखा. मग एकदम वाकतो, दगड एकदाच फिरवतो आणि तो बसतो. पुन्हा हलवावा लागत नाही. सव्वीस वर्षं त्यानं सरकारी जंगलातल्या पायवाटा दुरुस्त केल्या. त्यानं बसवलेली पायरी डुगडुगली, असं कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. एक भिंत तेवढी ढासळली, आणि तिचंच मला सांगायचंय.

मी त्याची धाकटी बहीण. आणि त्याची मुकादमही. माझा कारखाना बंद पडून मी घरी बसले, तेव्हा दादानंच मला या गँगमध्ये आणलं. कुदळ कशी धरायची, आडवं पडलेलं खोड कापताना कुठल्या बाजूला उभं राहायचं, वाटेवरचं पाणी कुठून बाहेर काढायचं, सगळं त्याच्याकडून शिकले. पण रोजचा अहवाल लिहायची वेळ आली की हा काखा वर करायचा. "कागदाचं तू बघ बाई," म्हणायचा. मी कागदाचं बघितलं. म्हणून जुने मुकादम निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी मुकादमाची शिट्टी माझ्या हातात दिली, त्याच्या नाही. दादानं त्या दिवशी सगळ्या गँगला स्वतः चहा करून पाजला. त्याला खरंच आनंद झाला होता. मला मात्र महिन्याभरात शिंगं फुटली. माझ्या जिभेला हाड नाही हे घरच्यांना ठाऊकच होतं, आता डोंगरालाही कळलं.

आमचं काम असं, की सोमवारी सामान पाठीवर टाकून आठ जणांनी चढायचं, पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं आणि शनिवारी उतरायचं. वर गाडी जात नाही. दगड तिथलेच शोधायचे, सिमेंट न वापरता एकात एक बसवायचे. दादाच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि आम्ही बांधत होतो ती वाट खिंडीपर्यंत पोचायलाही साधारण तेवढीच लागणार होती. "खिंड ओलांडली की मग मला घरी बसवा, खाटेवर बसवा, कुठंही बसवा," तो म्हणायचा. त्याचे गुडघे कुरकुरायचे, पण दर सोमवारी चढावर सगळ्यांच्या पुढं तोच.

तिसऱ्या वळणावर वाट उताराला लटकलेली होती. तिथं खालून आधाराची भिंत हवी होती, कंबरेएवढी. त्याच वेळी ऑफिसातून निरोप आला, की शनिवारी वरचे साहेब पाहणीला येणार, तोवर तेवढा तुकडा पुरा हवा. बुधवारी दुपारी पाया खणून झाला. दादानं पहार आत खुपसून बघितली आणि मान हलवली.

"हा कातळ नाही. मुरूम आहे. अजून हातभर खाली जाऊ."

"हातभर म्हणजे उद्याचा अख्खा दिवस," मी म्हटलं.

"लागला तर लागला. पायाचा दगड मुरमावर बसवला तर पाणी त्याला खालून पोखरेल."

तो बरोबर बोलतोय हे मला कळत होतं. हे मी आज शहाणपणानं नाही सांगत, तेव्हाही कळत होतं. पण सगळी गँग हातातली फावडी थांबवून आमच्याकडे बघत होती, आणि माझ्या नाकावर राग आला. मी म्हटलं, "दादा, इथं मुकादम कोण आहे?"

त्यानं एक क्षण माझ्याकडे पाहिलं. "तू," म्हणाला, आणि दगड बसवायला घेतला. मन लावूनच बसवला. शनिवारी वरचे साहेब आले, भिंतीवर हात फिरवून 'छान' म्हणाले आणि मी मान डोलावली.

पावसाळ्यात भिंत सुटली. सकाळी फिरायला आलेल्या एक वयस्कर बाई तिथून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. नशीब, की खाली झुडूप होतं. चौथ्या दिवशी आमचे साहेब स्वतः वर चढून आले, धापा टाकत, हातात वही. भिंतीचा खालचा थर उघडा पडला होता. त्यांनी तो पाहिला आणि विचारलं, "पायाचा दगड कोणी बसवला?"

कोणाच्या सांगण्यावरून बसवला, असं नाही विचारलं. कोणी बसवला, एवढंच. सगळ्या गँगची अळीमिळी गुपचिळी. मीही मूग गिळून उभी राहिले. नुसती उभी राहिले असते तरी आज थोडं सुसह्य झालं असतं. मी दादाकडे बघितलं. त्यानं बोलावं म्हणून बघितलं. काय मागतेय ते मला ठाऊक होतं, त्यालाही कळलं.

"मी बसवला, साहेब," दादा म्हणाला.

साहेबांनी वहीत लिहिलं. पुढच्या आठवड्यात दादाला डोंगरावरून काढून खालच्या गोदामात बसवलं. फावड्यांचे दांडे बदलायचे, करवतींना तेल लावायचं, कुणी काय नेलं ते लिहून ठेवायचं. म्हणजे ज्या लिहिण्याचा त्याला आयुष्यभर कंटाळा, तेच नशिबी आलं. मी मनाला समजावत राहिले, की गुडघे दुखतातच त्याचे, सावलीत बसेल, बरंच झालं. बेशरम माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत. सोमवारी चढताना मी गोदामाच्या दारासमोरून न जाता मागच्या फाटकानं जायला लागले.

दीड महिन्यानं वहिनीनं घरी बोलावलं. दादा आंघोळीला गेला होता. वहिनीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडू गं? हे म्हणाले, साहेब कामावरूनच काढायला निघाले होते, पण तू त्यांच्याशी भांडलीस म्हणून गोदाम तरी मिळालं. बहीण असावी तर अशी."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आयता खोटा मोठेपणा त्यानं मला घरबसल्या देऊन टाकला होता, बायकोसमोर माझी मान वर राहावी म्हणून. चहा तसाच टाकून मी उठले. वहिनीला वाटलं, भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. मुरूम, पहार, 'मुकादम कोण' सगळं. साहेब वैतागले. "बाई, हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" मला वाटलं, शिट्टी काढून घेतील. काढून घ्यायला हवी होती. पण दहा दिवसांनी हातात कागद आला तो दोन ओळींचा, 'यापुढे दक्षता घ्यावी, अशी समज देण्यात येत आहे.' दादाचा डोंगर गेला होता, आणि मला फक्त समज. कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, की दादानं सोमवारपासून पुन्हा गँगवर रुजू व्हावं.

तो कागद घेऊन मी संध्याकाळी त्याच्याकडे गेले. आधी वहिनीला समोर बसवून खरं काय ते सांगितलं. ती उठून आत गेली आणि मी जाईपर्यंत बाहेर आली नाही. दादा पायरीवर बसला होता. मी कागद वाचून दाखवला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला रडूच फुटलं.

"वाट कुठवर आली?" त्यानं विचारलं.

"सातव्या वळणापर्यंत."

"म्हणजे खिंड दिसत असेल."

"दिसते. दादा, माझं चुकलं. तू सोमवारी ये. वरच्या भिंती तूच बघ, मी एक शब्द बोलणार नाही."

त्यानं माझ्या हातातला कागद घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाला, "खिंडीच्या पलीकडून दुसरी गँग वर येतेय ना? त्यांच्याकडे मला घालायला सांग साहेबांना."

"माझ्यावर राग आहे?"

"राग होता. तू साहेबांना सांगितलंस, तेव्हाच गेला." तो अगदी सावकाश बोलत होता, मला लागू नये म्हणून. "पण दगड बसवताना काय करतो आपण? एकजण पहारेवर दगड उचलून धरतो आणि दुसरा खाली हात घालून दगडाची बारीक चिप लावतो. इतकी वर्षं पहार तू धरलीस आणि माझी बोटं दगडाखाली असायची. मी कधी वर मान करून बघितलं नाही. आता तू धरलीस, तर मला हात घालवणार नाही."

मी बरं म्हटलं. त्यानं मला फाटकापर्यंत सोडलं, अंधारात नीट जा म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन त्याच्या बदलीचा अर्ज माझ्याच हातानं लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहू ते सुचेना, तेव्हा साहेब म्हणाले, "घरगुती लिहा." मी तसं लिहिलं आणि खाली मुकादम म्हणून सही केली.